जनरल थोरातांचे पदक आणि आपली अडवलेली वाट

पुण्याहून मुळशीकडे निघालेला माणूस चांदणी चौकात आला की तिथून एक रस्ता एनडीएकडे, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे वळतो. दुसरा भूगाव, पिरंगुट, पौड करीत मुळशी धरणाच्या काठाने कोकणाकडे उतरतो. सेनापती हा शब्द दोन्ही रस्त्यांवर भेटतो. एका रस्त्यावर सरकार सेनापती घडवते. दुसऱ्या रस्त्यावर लोकांनी एकाला सेनापती केले.

मुळशीचा सेनापती म्हणजे पांडुरंग महादेव बापट. टाटा कंपनीने विजेसाठी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे नक्की झाले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रहाला सुरुवात झाली. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. बापटांच्या हाताखाली ना पलटण होती, ना त्यांच्या छातीवर पदक. तरी 'सेनापती' ही पदवी त्यांना तिथून चिकटली ती कायमची. हातात झाडू घेऊन रस्ते झाडणाऱ्या बापटांबद्दल चळवळीच्या मनात आदरच आहे. मोबदल्याच्या रकमेकडे डोळे लावून बसलेले पुण्याचे सावकार आणि जमिनीवर राबणारी कुळे यांचे हित एक नव्हते, आणि त्या लढ्याचा घात पुष्कळसा तिथेच झाला. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या सेनापतीबद्दल.

मुळशीत मावळे आपली जमीन वाचवायला उभे राहिले त्याच १९२१ साली हिंदुस्थान सरकारने आपली एक पलटण मोडली. १११ वी महार पलटण. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, सरकारला महारांची आठवण झाली होती. युद्ध संपले, १९२० साली तिला ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळले, आणि वर्षभरात शिपायांना घरी पाठवले. गरजेला बोलवायचे आणि गरज सरली की वेशीबाहेर, हा गावगाड्याचा नियम लष्करानेही पाळला.

त्याआधीची हकिकत आपल्या वाचकांना नवी नाही. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतले 'नाक' प्रत्ययाचे महार वीर भीमा नदीच्या काठी त्या स्तंभावर कोरलेले आहेत. मुंबई लष्करात आमच्या आजे-पणज्यांच्या पिढ्या गेल्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. असे असताना १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढवय्या जाती'चे जे खूळ माजले त्याचा हा परिणाम. काही जाती रक्तानेच शूर, बाकीच्या रक्तानेच भित्र्या, असे ते शास्त्र! मनूने जन्मावरून धंदा ठरवला होता, साहेबाने जन्मावरून शौर्य ठरवले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून तीच मागणी लावून धरली व १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली. शिपायाची नोकरी मागण्यासाठी एका समाजाला पंचवीस वर्षे अर्ज लिहावे लागले.

हे ध्यानात ठेवून आता कोल्हापूरच्या एका तरुणाकडे पाहू.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ चा. शाहू छत्रपतींच्या कोल्हापूरचा हा मुलगा, शिकलेल्या मराठा घरातला. १९१८ पर्यंत हिंदी माणसाला लष्करात राजाचे कमिशन मिळत नव्हते. माणूस कितीही शूर असो, सुभेदार-मेजरच्या वर त्याला पायरी नव्हती, आणि कालचा गोरा पोरगाही त्याच्यावर हुकूम चालवी. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. पस्तीस कोटींच्या देशाला दहा जागा. त्यासाठी इंग्रजी शाळा हवी, सरकार-दरबारी वजन हवे, विलायतेचा खर्च पेलणारे घर हवे. थोरातांनी ती पायरी गाठली, सँडहर्स्टचे शिक्षण पुरे केले आणि १९२६ साली ते अधिकारी झाले.

तरीही पूर्ण बरोबरी मिळाली नाही. गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्याच्या हुकमतीखाली काम करावे लागू नये म्हणून १९२३ साली सरकारने युक्ती काढली होती. आठ पलटणी बाजूला काढल्या आणि हिंदी अधिकारी तेवढ्यांतच नेमायचे ठरवले. पंक्तीत घ्यायचे, पण पान वेगळे मांडायचे, ही रीत कोणाला ओळखीची वाटणार नाही? थोरात गेले ती १/१४ पंजाब ही या आठांपैकीच एक. त्या पलटणीची गंमत पाहा. आझाद हिंद सेनेचे मोहनसिंग आणि शाहनवाज खान तिच्यातले, पुढे पाकिस्तानचे हुकूमशहा झालेले अयूब खानही तिच्यातलेच. एका भोजनगृहात जेवलेली माणसे किती वेगळ्या वाटांनी गेली!

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हाही हिंदी अधिकारी लढाईत पलटण सांभाळू शकेल का, याविषयी गोऱ्या सेनानींना शंकाच होती. त्या शंकेचे उत्तर ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर मिळाले, १९४५ च्या जानेवारीत, कांगाव नावाच्या ठिकाणी. खाड्यांचे जाळे, चिखल, खारफुटीची दाट झाडी आणि मध्ये टेकड्या. जपानी सैन्य दक्षिणेकडे माघार घेत होते आणि गाड्या-तोफा नेता येतील असा रस्ता कांगाववरूनच जात होता. तो तोडायचा होता. २२ जानेवारीला ब्रिटिश कमांडो उतरले. त्यांच्यामागोमाग २५ व्या हिंदी डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड आली. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. थिमय्या कोडगूचे, एल. पी. सेन बंगाली, आणि २/२ पंजाबचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल थोरात.

महिनाअखेरीस मेलरोज नावाच्या टेकडीसाठी जे रण माजले ते आराकानच्या मोहिमेतले अत्यंत भीषण रण समजले जाते. जपानी शिपाई खंदकात घट्ट बसलेला होता आणि जिवंत असेतो जागा सोडत नव्हता. तोफांच्या माऱ्याने टेकडी पडत नव्हती, माणसांनीच वर चढून समोरासमोर भिडायचे होते. थोरातांच्या शिपायांनी संगिनी लावून टेकडी चढली आणि घेतली. रस्ता तुटला. तिन्ही हिंदी पलटणप्रमुखांना डीएसओ हे मोठे युद्धपदक मिळाले.

यातले सेन यांचे नाव विसरू नका. इंग्रजांच्या कोष्टकात बंगाली म्हणजे बिनलढवय्या जात. कारकुनी करावी, बंदुकीला हात लावू नये! त्या 'बिनलढवय्या' जातीच्या माणसाने 'लढवय्या' म्हणवणाऱ्यांच्या बरोबरीने पलटण चालवली आणि तेच पदक घेतले. पाच वर्षांपूर्वी, १९४० साली, 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात बाबासाहेबांनी लष्कराच्या जातवार रचनेची चिरफाड करून सांगितले होते की लढवय्या आणि बिनलढवय्या हा भेद निव्वळ कृत्रिम आहे. ग्रंथात जे मांडले होते त्याचा दाखला कांगावच्या टेकडीवर मिळाला. शौर्य रक्तात नसते. ते शिक्षणात, कवायतीत, विश्वासात आणि मिळालेल्या संधीत असते. थोरातांना संधी मिळाली, त्यांनी तिचे सोने केले. त्यांच्या कर्तृत्वाला आमचा सलाम आहे. प्रश्न एवढाच, की त्या दहा जागांच्या दारापर्यंत आमचा एकही मुलगा का पोहोचू शकला नाही?

दुसऱ्या महायुद्धातले सेनापती म्हटले की मराठी वाचकाला मात्र थोरात आठवत नाहीत, आठवतो रोमेल. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात हिटलरचे आत्मचरित्र मराठीत मिळते आणि जर्मन सेनापतींच्या शौर्यकथाही मिळतात. रोमेल पहिल्या महायुद्धातच जर्मनीचे सर्वोच्च पदक मिळवलेला. १९४० साली त्याच्या रणगाड्यांनी फ्रान्स तुडवला, १९४१ पासून आफ्रिकेच्या वाळवंटात त्याने इंग्रजांना पळवले, हिटलरने त्याला हिऱ्यांनी मढवलेला नाइट्स क्रॉस दिला आणि १९४४ च्या ऑक्टोबरात त्याच हिटलरने त्याला विष घ्यायला लावले. रणनीती म्हणून हे अभ्यासावे, कोणाची हरकत नाही. पण पदक कोणत्या कामासाठी मिळाले हे विचारायचे नाही का? मॅनस्टाइन हा जर्मनीचा सर्वांत हुशार सेनापती मानला जातो. १९४९ साली हॅम्बुर्गच्या लष्करी न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांबद्दल अठरा वर्षांची शिक्षा दिली आणि १९५३ साली तो सुटलाही. मग आठवणी लिहून आपण फक्त सैनिकाचे कर्तव्य केले, असे जगाला सांगत राहिला. त्या कर्तव्याच्या मागे वंशशुद्धीचे तत्त्वज्ञान होते आणि त्या तत्त्वज्ञानाच्या शेवटी विषारी वायूच्या खोल्या होत्या.

जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारे तत्त्वज्ञान कसे असते हे आम्हाला जर्मनीत जाऊन शिकावे लागत नाही. म्हणून बाबासाहेबांना त्या युद्धाचे मर्म इतरांच्या आधी कळले. मजूरमंत्री असताना आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात त्यांनी हिंदी कामगाराला हे युद्ध का जिंकायचे आहे ते समजावून सांगितले. नाझींची नवी व्यवस्था स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्या मुळावर येणारी आहे, असा त्याचा आशय. याच महाराष्ट्रातले डॉ. मुंजे १९३१ साली मुसोलिनीला भेटून आले होते, तिथल्या पोरांच्या लष्करी संघटना पाहून भारावले होते आणि १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली होती. कोणाला सैन्य कशासाठी हवे होते, ते वाचकांनी ताडावे.

बाबासाहेबांना सैन्य हवे होते ते आपल्या माणसाच्या हक्कासाठी आणि देशाच्या रक्षणासाठी. १९४१ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. तिथे बसून त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला झाली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. मोडलेली पलटण वीस वर्षांनी पुन्हा उभी राहिली, पण वीस वर्षांचे अंतर भरून कसे निघणार? १९२६ साली कमिशन मिळालेले थोरात १९४५ साली पलटणप्रमुख होते. त्याच हिशेबाने, १९४१ साली आमचा तरुण शिपाई म्हणून भरती होत होता. एकोणीस वर्षांच्या अनुभवाचा आमचा कर्नल कुठून येणार होता? अवर्णांच्या वाट्याला याहून वाईटही आले. १९४३ साली उभारलेल्या चमार रेजिमेंटने कोहिमाच्या रणात रक्त सांडले आणि १९४६ साली ती मोडण्यात आली, ती मोडलीच.

थोरातांची पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो, पण त्यातला कोरियाचा प्रसंग थोडक्यात सांगण्यासारखा नाही. १९५३ साली कोरियाचे युद्ध थांबले तेव्हा आपल्या देशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन युद्धकैदी उरले. त्यांचा ताबा भारताकडे आला. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे सेनापती मेजर जनरल थोरात. कैदी संघटित होते, भडकलेले होते, त्यांच्यात खुनी टोळ्या होत्या. एके दिवशी त्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या कुंपणाआत ओढून नेले. बंदुका चालल्या असत्या तर शेकडो प्रेते पडली असती आणि भारताच्या तटस्थतेचेही प्रेत पडले असते. थोरात स्वतः आत गेले. हजारो कैद्यांच्या घोळक्यात उभे राहून बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून आणले. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, दुसरा वर्ग, हा सन्मान मिळाला. आज त्याला कीर्ती चक्र म्हणतात. टेकडी घेणाऱ्या सेनापतीला गोळी न झाडता माणूस सोडवता येतो, हे ज्याला कळते तो खरा सेनापती. मॅनस्टाइनच्या भक्तांनी हाही धडा वाचावा.

१९५७ ते १९६१ ते पूर्व विभागाचे सेनापती होते. चीन नेफात कुठून, कसा उतरेल आणि आपल्या चौक्या कशा कोसळतील याचा अहवाल त्यांनी १९५९ सालीच पाठवला आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या सरावात तो सर्वांसमोर मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो बाजूला टाकला. थिमय्यांनी आपला वारस म्हणून थोरातांचे नाव सुचवले होते, सरकारने ते मानले नाही. थोरात १९६१ साली निवृत्त झाले, १९६२ साली नेफात जवळजवळ तसेच घडले, आणि मग नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतले. चीनच्या धोक्याबद्दल बाबासाहेबही बोलले होते. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना आणि त्यानंतर संसदेत त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाचे वाभाडे काढले होते. सत्तेच्या कानाला खरे ऐकण्याची सवय तेव्हाही नव्हती. थोरातांनी हे सारे १९८६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. १९९२ साली ते गेले.

आता आपल्या रेजिमेंटकडे येऊ. १९४६ साली महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. म्हणून तिच्या बिल्ल्यावर आज दोन व्हिकर्स मशीनगन आणि मध्ये खंजीर आहे, खाली 'यश सिद्धि' हे ब्रीद. १९४८ साली काश्मीरमध्ये नौशेरा विभागात लढताना नाईक कृष्णा सोनवणे यांनी महावीर चक्र मिळवले. १९७१ साली शिपाई अनुसूया प्रसाद यांना ते मरणोत्तर मिळाले. ते गढवालच्या डोंगराळ मुलखातले. १९८७ साली श्रीलंकेत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी परमवीर चक्र मिळवून प्राण ठेवला. या नावांवरूनच दिसते की ही रेजिमेंट एका जातीची राहिली नाही, तिच्या पलटणींत देशभरचे जवान आले. बाबासाहेबांच्या प्रयत्नातून उभी राहिलेली संस्था सर्वांची झाली याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांच्या रेजिमेंटची दारे आजही ठराविक जातींनाच उघडतात त्यांनी हा मोठेपणा पाहावा.

या रेजिमेंटने देशाला दोन सरसेनापती दिले. के. व्ही. कृष्णराव १९४२ साली महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले, १९८१ ते १९८३ लष्करप्रमुख होते. के. सुंदरजी १९८६ ते १९८८ लष्करप्रमुख होते. एक आंध्रचे, एक तामिळनाडूचे. दोघेही कर्तबगार होते, दोघांनीही रेजिमेंटचे नाव अभिमानाने मिरवले, आणि दोघांपैकी एकही महार समाजात जन्मलेला नव्हता. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत आपण रेजिमेंटचा जयघोष करतो. तो करताना रेजिमेंटचे नाव आपले, जवान आपले, मग अधिकारी किती आपले, हा हिशेब कधी मागतो का?

तो सरकारकडे मागून मिळत नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालापूर्वी लष्करातल्या मुस्लिमांची संख्या विचारली तर केवढा गहजब झाला! लष्कर जात-धर्म पाहत नाही, असे उत्तर ठरलेले. जात पाहून पलटणी उभारणारे लष्कर अधिकाऱ्यांचा प्रश्न आला की एकदम जातिनिरपेक्ष होते, ही मोठी मौज आहे. अधिकारीपदाला आरक्षण नाही आणि ते नजीकच्या काळात येईल असेही दिसत नाही. आरक्षण नाही म्हणून ही वाट आपल्यासाठी नाहीच, असे आपणच धरून बसलो आहोत. डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार, प्राध्यापक यांची स्वप्ने आपल्या वस्त्यांत रुजली. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणारी आपली पोरेही गावोगाव दिसतात, पण ती धावतात शिपायाच्या जागेसाठी. त्यांतल्या किती जणांना बारावीनंतर थेट अधिकारी होता येते हे ठाऊक असते? घरात आधीची पिढी अधिकारी असली की पोराला ते जेवताना कानावर पडते. थोरातांनाही १९२४ च्या सुमारास कोणीतरी सांगितलेच असणार की सँडहर्स्ट नावाची जागा आहे. आमच्या पोराला ते सांगणारे कोणी नाही. १८९२ साली दार बाहेरून बंद केले गेले. आज ते उघडे आहे याची बातमी आत पोहोचत नाही.

म्हणून चांदणी चौकातून वळणाऱ्या त्या रस्त्याची माहिती इथे सविस्तर देतो. एनडीएची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावीत शिकणारा किंवा बारावी झालेला असावा. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि मुलींना परीक्षा शुल्क नाही. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची एसएसबी मुलाखत असते. तिथे इंग्रजी बोलण्याची भीड आड येते, तिची तयारी आठवी-नववीपासून करून घ्यावी लागते. तयारीसाठी सातारची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. दहावीनंतर मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली मुली एनडीएत दाखल झाल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची सतरा जणींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. पुढच्या परीक्षेची जाहिरात निघाली की ती आपल्या विहाराच्या फळ्यावर, मराठीत, शेवटच्या तारखेसह लावावी.